पेवातून दिसलेली लढाई

आमच्या शाळेच्या स्टेजमागच्या भिंतीवर एक लढाई होती. देगलूरच्या पुढचं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं गाव. तिथे मी इतिहास शिकवत होते आणि रोज परिपाठाला त्या लढाईकडे तोंड करून उभी राहत होते. रजाकारांच्या काळात गावात धाडी पडल्या, पुढे पोलीस ॲक्शन झाली आणि गढीवर तिरंगा लागला, एवढी खरी गोष्ट. ती कधीकाळी कुणा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं भिंतीवर चढवली होती. त्यातली गढी पाण्याच्या टाकीसारखी दिसायची आणि झेंडा गढीपेक्षा मोठा होता. गावकऱ्यांच्या छात्या फुगलेल्या, मिशा वर. उजव्या कोपऱ्यात पळणारी माणसं, सगळ्यांना एकच दाढी, एकच टोपी, एकच चौकड्याची लुंगी. एकाचं तोंड जमलं म्हणून पेंटरनं बाकीचीही तशीच उरकली असावीत.

त्या पळणाऱ्यांतल्या एकाच्या हातात मात्र पिंजाऱ्याची धनुकली होती, कापूस पिंजायची. पेंटरला कुणीतरी सांगितलं असणार की गावात तेव्हा एक पिंजारी होता. चित्र ओळखू यावं म्हणून त्यानं ती बिचाऱ्याच्या हातात दिली. जीव घेऊन पळणारा माणूस पुरुषभर उंचीचं अवजार कशाला बरोबर घेईल, एवढा विचार करायला त्याला वेळ नसावा.

मला आधी वाटायचं, चित्र वाईट आहे म्हणून असं. मग लक्षात आलं की याबाबतीत चांगली चित्रंही काही वेगळी नसतात. जिंकणाऱ्याच्या चित्रात जिंकणाऱ्याला चेहरा असतो आणि हरणाऱ्याला पाठ. लातूरला आमच्या घरी बैठकीत एका लढाईचं छापील चित्र होतं. वडील वकील, त्यांच्या पक्षकारांना बसायला बाक आणि बघायला ते चित्र. शत्रूचे सैनिक ढिगानं, पण एकाचं नाक धड दिसेल तर शपथ.

हरणाऱ्यांची बाजू मी नांदेडला आत्याकडे सुट्टीत जायचे तेव्हा पाहिली. ती मला गुरुद्वाऱ्यात न्यायची. नंतर तिथली शहिदांची चित्रं दाखवायची. त्यात मरणाऱ्यांचे चेहरे इतके स्पष्ट असायचे की मला त्या दिवशी जेवण जायचं नाही. मोहरमात आत्याच्या गल्लीतून करबलाच्या शहिदांची सवारी निघायची. सवारी दारावरून जाताना आत्या घागरभर पाणी रस्त्यावर ओतायची आणि पदरानं डोळे पुसायची. ते आपले कोण लागतात, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तहानेनं मेले ते, लागायला कशाला पाहिजेत. इतिहासात एम. ए. केलं, पण याच्यापुढचं कुणी शिकवलं नाही.

आता चित्रकलेच्या सरांकडे येते. माझी जीभ तिखट, हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. माझ्यासारखीनं मनापासून ज्यांचं कौतुक करावं अशी माणसं थोडी, आणि सर त्यांतले पहिले. अंगानं काडी, चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधी ते याच गावचे येसकर होते. वेशीवर पहारा, गावची वर्दी आणि गावात कुणाचं बेवारस मढं पडलं तर ते उचलणं, हे सगळं त्यांच्याकडे. मुक्तिसंग्रामात तुमची माणसं कोणत्या बाजूला होती, असं मी सरांना एकदा विचारलं होतं. सर ब्रश धूत होते. तसेच धूत म्हणाले, "बाई, जिंकले ते वेगळे, हरले ते वेगळे. आमच्या म्हाताऱ्यानं दोघांचीबी मढी उचलली."

त्यांची शिकवायची पद्धत एकच. कुणी चित्र काढायला बसलं की विचारायचे, तू कुठं उभी होतीस? पाचवीतल्या एका पोरीनं पोळ्याचं चित्र काढलं, कॅलेंडरवरच्यासारखे दोन सजवलेले बैल समोरून. सरांनी तेच विचारलं. ती म्हणाली, बापाच्या मागं. मग तुला बैल कसे दिसले? पोरीनं कागद उलटा केला आणि बापाची अख्खी पाठ काढली, वरून फक्त दोन रंगवलेली शिंगं. शिक्षकांच्या खोलीत ते पाहून सगळे हसले. सरांनी ते फ्रेम करून तिथेच टांगलं, हसणाऱ्यांच्या बरोबर समोर. मला त्यांचा हा थंड डोक्याचा आडमुठेपणा फार आवडायचा.

मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं होणार होती, तेव्हा गावानं ठरवलं की भिंत नव्यानं रंगवायची. जुन्याचे पोपडे उडाले होते. चित्र तेच, रंग नवे, असा हेडमास्तरांचा हुकूम. गावात या बाबतीत शेवटचा शब्द आबांचा. आबा म्हणजे ज्यांनी गढीवर झेंडा लावला त्यांचा मुलगा, वय ऐंशीच्या पुढे. दरवर्षी सतरा सप्टेंबरला झेंडावंदन त्यांच्याच हातून, आणि नंतर झेंड्याची गोष्टही त्यांच्याच तोंडून. गढीच्या पायऱ्या, वडिलांच्या फाटलेल्या सदऱ्याची बाही, खाली उसळलेला जयजयकार. गोष्ट इतकी रंगायची की मुलं माना वर करून गढीकडेच बघत राहायची.

भिंतीचं काम निघाल्याचं कळलं आणि खाला शाळेत आल्या. खाला म्हणजे त्या पिंजाऱ्याची मुलगी. आबांच्याच वयाच्या, कमरेत वाकलेल्या. त्यांच्या नातीची मुलगी आमच्याकडे सहावीत होती. परिपाठाला ती कायम मान खाली घालून उभी राहायची. मी तिला दोनतीनदा झापलंही होतं, ताठ उभी राहा म्हणून. मुलं तिला काय म्हणतात ते मला त्या दिवशी खालांकडून कळलं. तुझा खापरपणजा बघ कसा पळालाय.

खाला बाकावर बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून सरांना म्हणाल्या, "सर, वो भागनेवालों में मेरे बावा कू नक्को दिखाओ. वो भागे नइं. भागते तो बचते."

मग हळूहळू सगळं सांगितलं. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत रजाकारांचा सूड घ्यायला बाहेरची माणसं आली, गावातली काही त्यांना मिळाली. लोकांनी पिंजाऱ्याला सांगितलं, लप कुठेतरी. तो म्हणाला, मी कुणाचं काय केलंय, मी कशाला लपू. आणि कुणाच्या तरी गादीचा कापूस पिंजत दुकानात बसून राहिला. तिथेच त्याला मारलं. आई आधीच गेलेली. पोर वाचली ती एका घरात लपवली म्हणून. मोठी देगलूरला मावशीकडे झाली आणि लग्न होऊन पुन्हा याच गावात आली.

सरांनी कसलाही शब्द दिला नाही. नेहमीचं तेवढं विचारलं, "खाला, तवा तुम्ही कुठं होता?"

खाला म्हणाल्या, पेवात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, त्यावर दगडी फरशी. कुणाच्या घरातलं, असं मी मध्येच विचारलं. खालांनी मान हलवली. त्या बाईनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही, नाहीतर गाव तिला जगू देणार नाही. ती बाई मरून गेली तरी खालांनी ती शपथ मोडली नव्हती, आणि आमच्यासाठी मोडणारही नव्हत्या. दिसलं काय ते मात्र सांगितलं. फरशी वीतभर सरकवलेली, हवा यावी म्हणून. फरशीवर जातं. त्या बाईनं एक पाय लांब करून दळण मांडलेलं. माणसं दारात आली तशी तिनं जातं जोरात ओढलं, आणि फटीतून पीठ खाली पडत राहिलं, खालांच्या डोक्यावर, पापण्यांवर. फटीतून दिसायचं ते त्या बाईचं डावं पाऊल. त्याला करंगळी नव्हती.

सरांनी हे सगळं कागदावर घेतलं. शब्दांत नाही, रेघांत.

दुसऱ्या दिवशी मी सरांबरोबर आबांकडे गेले. आबांनी झेंड्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. सरांनी पूर्ण ऐकून घेतली आणि मग विचारलं, "आबा, तवा तुम्ही कुठं उभे होता?"

मला वाटलं, म्हातारा आता उखडणार. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि हसले. म्हणाले, पंचाहत्तर वर्षं झाली, हे कुणी विचारलंच नाही. झेंडा लागला तेव्हा ते गावात नव्हतेच, हिमायतनगरला मामाकडे होते. आले ते दिवाळीनंतर. झेंड्याची गोष्ट वडिलांची, आबांनी ऐकून पाठ केलेली.

"मग तुम्ही काय बघितलं?"

"काय न्हाई बघितलं. रजाकार आले तवा मायनं मला पेवात घातलं. वर जातं ठेवून दळत बसली. माझ्या डोक्यावर लई पीठ पडलं. तिचा पाय तेवढा दिसत होता." थोडं थांबून म्हणाले, "बैलाच्या पायाखाली करंगळी गेली होती तिची. तेवढं पाऊल मला अजून झोपेत दिसतं. दुसऱ्या दिवशी मामा येऊन मला घेऊन गेला."

मी सरांकडे बघितलं. सर कागदाकडेच बघत होते. बाहेर आल्यावर मी गढीच्या पारावर बसकण मारली आणि रडले. सर बाजूला उभे राहिले, हातात दोन्ही कागद, खालांचा आणि आबांचा. आबांची माय पहिल्यांदा जात्यावर बसली ती स्वतःच्या लेकराला रजाकारांपासून लपवायला, आणि दुसऱ्यांदा बसली ती पिंजाऱ्याच्या लेकराला आपल्याच माणसांपासून लपवायला. जातं तेच आणि पेवही तेच. दाराशी आलेली माणसं तेवढी बदलली. आणि तिनं हे पोटच्या पोरालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, चला परत, आबांना सांगू. सर म्हणाले, खालांनी ज्यांचं नाव घेतलं नाही, त्यांचं मी कसं घेऊ? मी चिडले. म्हटलं, मग पंचाहत्तरीला काय करणार, पुन्हा मिशा आणि झेंडा? सर 'काम सुरू करतो' एवढंच म्हणाले आणि शाळेकडे चालायला लागले.

जुनं चित्र त्यांनी स्वतःच्या हातानं खरवडलं. मजूर होते, तरी सुरुवात त्यांनी केली, आणि केली ती उजव्या कोपऱ्यातून. पहिला गेला तो धनुकलीवाला. मधली सुट्टी होती. सहावीतली ती मुलगी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बघत होती, आणि घंटा झाली तरी हलली नाही. मी तिला ओरडले नाही.

मग भिंतीला कापड लावून सर आत काम करायला लागले. कापडाच्या आत जायची परवानगी मला एकटीला होती, तीही चहा घेऊन गेले तर. अख्खी भिंत त्यांनी काळी केली होती, आमच्याकडच्या मातीसारखी ओलसर काळी. वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर, उजेडाची एक तिरपी फट. फटीत जात्याची कड, लुगड्याचा काठ आणि तळव्याच्या बाजूनं दिसणारं एक मोठं पाऊल. चार बोटं. पावलावर पसरलेलं आणि फटीतून खाली येणारं पीठ. आणि अगदी तळाशी दोन लहान डोकी, मागून, शेजारी शेजारी. एकाचे केस बारीक कापलेले, दुसरीच्या दोन वेण्या. दोघांच्या केसांवर पीठ पडलेलं. चेहरा कुणालाच नव्हता, बाईलासुद्धा. इतकी वर्षं मी लढायांच्या तारखा पाठ करून घेतल्या होत्या, आणि लढाई म्हणजे काय ते मला त्या काळ्या भिंतीनं दाखवलं.

पिठासाठी सरांनी नुसता चुना वापरला होता, डिंक न घालता. मी म्हटलं, सर, हे बोट लावलं की निघेल. ते म्हणाले, पीठ कुठं चिकटून बसतं का बाई?

आदल्या संध्याकाळी हेडमास्तरांनी कापड उचलून पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची वाळूच सरकली. झेंडा कुठे आहे, गढी कुठे आहे, आपली माणसं कुठे आहेत. सर म्हणाले, आतून झेंडा दिसत नाही. निदान कोपऱ्यात एक छोटा तरी काढा, असं हेडमास्तरांचं म्हणणं. सर नाही म्हणाले. ही दोन पोरं कुणाची, तेही त्यांनी विचारलं. लेकरं हायत, सर म्हणाले. शेवटी हेडमास्तरांनी निकाल दिला. उद्या कापड आबांच्या हातून काढायचं. आबा हो म्हणाले तर ठीक, नाही म्हणाले तर दुपारी भिंतीवर पांढरा हात मारायचा. चुन्याची बादली आणि कुंचा स्टेजच्या कडेला आणूनही ठेवला. सरांना निवृत्तीला काही महिने राहिले होते. पुन्हा भिंत त्यांना मिळणार नव्हती. तरी ते घरी जाऊन जेवून झोपले असावेत, कारण सकाळी चेहरा ताजा होता. मला मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

झेंडावंदन झालं. आबांनी या खेपेला गोष्ट सांगितली नाही, घसा बसलाय म्हणाले. खाला आल्या होत्या. सतरा सप्टेंबरला त्या शाळेच्या फाटकाच्या आत आलेल्या मी प्रथमच पाहत होते. बायकांच्या मागे, लिंबाला टेकून बसल्या.

आबांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

आधी कुणाला काही कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, झेंडा कुठंय? पुढून कुणीतरी, काळंच दिसून राहिलं सगळं. हेडमास्तर आबांकडे बघत होते. आबांची नजर अधू. ते काठी टेकत भिंतीच्या अगदी जवळ गेले, नाक लागेल इतके. मग त्यांचा हात पावलावर गेला, एकेक बोट चाचपत, आणि करंगळीच्या रिकाम्या जागेवर थांबला.

"माय हाय ही माझी," ते म्हणाले.

काठी पडली. आबांनी दोन्ही हात त्या पावलाला लावले आणि कपाळाला, डोक्याला नेले. खाली बघितलं तेव्हा त्यांना ती दोन डोकी दिसली. मग वळून सरांना म्हणाले, "पेवात म्या एकलाच होतो. ही वेण्यांची कोण?"

सर काही बोलले नाहीत. मी तोंड उघडलं होतं, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मिटलं. लिंबाखालून खाला उठल्या. रांगांमधून त्यांना यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ आबा तसेच उभे होते, मुलं जशी शाळेत नाव पुकारल्यावर उभी राहतात तसे. सहावीच्या रांगेत एकजण मान वर करून बघत होती.

खाला त्यांच्यासमोर थांबल्या. "मैं," त्या म्हणाल्या. "पहिले तू. बाद में मैं."

आबांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या कपाळाला आणि पांढऱ्या केसांना चुना लागला होता, सगळा भुरभुरीत. खालांनी हात वर केला.

"आटा लगा है तेरे सर कू," असं म्हणून त्या ते झाडायला लागल्या, आणि झाडून होईपर्यंत आबा मान खाली करून उभे राहिले.